जुन्या कॅसेटवरचं डबिंग नव्या डिस्कच्या चित्रावर कसं बसवायचं

लहानपणी पाठ झालेला सिनेमा नव्या डिस्कवर मिळतो. चित्र इतकं स्वच्छ की डोळे निवतात. आणि नायक तोंड उघडतो तेव्हा आवाज भलत्याच माणसाचा येतो. वाक्यं बदललेली, लकब बदललेली, ज्या एका शब्दावर आपण दरवेळी हसायचो तो शब्दच गायब. ज्यांनी डब केलेले सिनेमे पाहूनच सिनेमावर जीव लावला, त्यांना हा चटका ठाऊक असतो.

असं होण्यामागे साधं कारण आहे. जुनं डबिंग बहुतेक वेळा मोनो असतं, म्हणजे संवाद, संगीत आणि आवाज एकाच पट्टीत कालवलेले. पुढे डिस्कसाठी ५.१, म्हणजे सहा वाहिन्यांचा आवाज हवा होतो. संवादांची वेगळी टेप जपलेली नसेल, तर नवे कलाकार बोलावून सगळा सिनेमा पुन्हा डब करणं निर्मात्यांना सोपं जातं. १९८८ सालच्या ‘अकिरा’चं इंग्रजी डबिंग असंच दोनदा झालं, दुसरं २००१ सालचं. मूळ भाषेतला आवाजही यातून सुटत नाही. १९८४ चा ‘टर्मिनेटर’ मुळात मोनो होता, आणि नंतरच्या ५.१ मिश्रणात बंदुकांचे आवाजसुद्धा बदलले गेले.

म्हणून जुनी कॅसेट ही नुसती आठवण नाही. कित्येक डबिंगची ती शेवटची उरलेली प्रत असते. आणि वेळ थोडा आहे: व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, जुलै २०१६ मध्ये थांबली. जी यंत्रं आज चालतात तीच काय ती.

खालची रीत मी स्वतःच्या संग्रहातल्या कॅसेटवर वापरत आलो आहे. ती स्वतःकडच्या प्रतीसाठी आहे. तयार झालेली फाइल वाटणं हा हक्कांचा प्रश्न आहे आणि प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे.

आधी शोध घ्या

कॅसेटला हात लावण्यापूर्वी तेच डबिंग आणखी कुठे आहे का ते पाहा. डीव्हीडीवर ८ पर्यंत ऑडिओ ट्रॅक मावतात, त्यामुळे दुसऱ्या देशातल्या डिस्कवर तुमच्या भाषेचा जुना ट्रॅक गपचूप बसलेला असू शकतो. काही व्हीसीडींवर डाव्या बाजूला एक भाषा आणि उजव्या बाजूला दुसरी असायची; दोन्ही एकदम वाजल्या की गोंगाट वाटतो, पण एकच बाजू ऐकली तर आख्खं डबिंग मिळतं. लेझरडिस्क, म्हणजे डीव्हीडीच्या आधीची मोठी डिस्क, असेल तर अ‍ॅनालॉग आणि डिजिटल असे दोन्ही ट्रॅक तपासा, कारण कधी कधी त्यांवर वेगवेगळा आवाज असतो.

डिस्कवरची फाइल मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडली की ट्रॅकची यादी दिसते. मोनोच्या काळातल्या सिनेमाचं डबिंग ‘५.१’ असं लिहिलेलं दिसलं तर सावध व्हा: एकतर ते नवं डबिंग आहे, नाहीतर जुन्याच मोनोला ताणून सहा वाहिन्यांत पसरवलेलं आहे. ‘मोनो’ किंवा ‘२.०’ (दोन वाहिन्या) लिहिलेलं असेल तर आशा धरायला हरकत नाही. खात्री मात्र कानानेच करायची. आपल्याला पक्कं आठवणारं एक वाक्य निवडा आणि थेट तिथे जा. अनुवाद तोच असेल आणि आवाजही तोच असेल, तर काम तिथेच संपलं. असं झालं तर मनापासून आनंद माना, कारण पुढचं सगळं कष्टाचं आहे.

कॅसेट तपासणं

कॅसेट उजेडात धरा आणि खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड बघा. कड गुळगुळीत, काळपट, एकसारखी हवी. तिच्यावर पांढुरके किंवा राखाडी ठिपके, धुळीसारखी पूड दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट यंत्रात घालायची नाही. बुरशी टेप वाचणाऱ्या हेडवर बसते आणि मग तुमच्या प्रत्येक कॅसेटला लागते, शिवाय ती श्वासात जाणंही बरं नाही. ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि टेप स्वच्छ करण्याचं काम येणाऱ्या माणसाकडे द्या.

कवच फुटलं असेल तर घाबरू नका. खालच्या बाजूचे पाच स्क्रू काढले की व्हीएचएसचं कवच उघडतं, आणि दोन्ही रिळं दुसऱ्या चांगल्या कवचात हलवता येतात. उघडण्यापूर्वी टेपच्या वाटेचा फोटो काढून ठेवा. टेप तुटली असेल तर जोडायची ती खास जोडपट्टीने, मागच्या बाजूने. साध्या चिकटपट्टीचा गोंद पसरतो आणि हेड खराब करतो.

बरीच वर्षं पडून असलेली कॅसेट एक दिवस खोलीच्या तापमानात राहू द्या. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा सुरुवातीपर्यंत मागे गुंडाळा, म्हणजे टेपचा ताण सारखा होतो. कॅसेटच्या मागच्या कडेवरचा, रेकॉर्डिंग होऊ देणारा छोटा प्लास्टिकचा तुकडा मोडलेला नसेल तर आत्ताच मोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं की भरून न येणारं नुकसान होतं.

कॅसेटवर दोन आवाज असतात

हे अनेकांना माहीत नसतं, आणि माझ्या मते आवाज वाचवण्यातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. व्हीएचएसची टेप १२.७ मि.मी. रुंद असते. तिच्या वरच्या कडेला सुमारे १ मि.मी. रुंदीची सरळ पट्टी असते, तिच्यावर साधा आवाज. हाय-फाय कॅसेट असेल तर त्याशिवाय दुसरा आवाज चित्राच्याच तिरप्या रेघांखाली, फिरत्या हेडने खोलवर लिहिलेला असतो. साधी पट्टी जरा मंद, दबलेली. हाय-फाय आवाज मात्र कॅसेट चांगली असेल तर थक्क करतो.

पण हाय-फाय नाजूक आहे. ट्रॅकिंग, म्हणजे हेड आणि टेपवरच्या रेघा यांची जुळणी, जरा हललं की घरघर सुरू होते, आणि यंत्र आपणहून साध्या पट्टीवर उडी मारतं. ऐकताना आवाज अचानक उशीखाली गेल्यासारखा वाटतो, दोन सेकंदांनी परत वर येतो. यावर उपाय एकच: दोन्ही आवाज वेगवेगळे साठवायचे. व्हीसीआरवर किंवा त्याच्या मेनूत ‘हाय-फाय’, ‘नॉर्मल’, ‘मिक्स’ असा पर्याय असतो. एक फेरी हाय-फायवर, एक नॉर्मलवर. मिक्स कधीच नको. नंतर जिथे हाय-फाय तुटतो तिथे नॉर्मलचा तुकडा बसवता येतो. टेपची कड चुरगळली असेल तर उलट घडतं: साधी पट्टी मार खाते आणि हाय-फाय बचावतो.

साधी पट्टी फारच बसक्या आवाजाची लागली तर दुसऱ्या यंत्रावर तीच कॅसेट लावून बघा. ऑडिओ हेडचा कोन यंत्रागणिक थोडा वेगळा असतो आणि तेवढ्याने ‘स’, ‘श’ उजळतात. कोन बदलणारा छोटा स्क्रू आत असतो, पण तो पहिल्यांदा फिरवायचा असेल तर बिनमोलाच्या कॅसेटवर सराव करा.

हेड स्वच्छ करताना कापसाची काडी वापरू नका, तिचे धागे अडकतात. धागे न सुटणारं मऊ कातडं आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, हेड ज्याच्यावर बसवलेले असतात त्या फिरत्या ड्रमला स्थिर टेकवून धरा आणि ड्रम हाताने आडवा फिरवा. वर-खाली घासलं तर हेड तुटतं.

साठवणं

व्हीसीआरचा आवाज ऑडिओ इंटरफेसमधून संगणकात घ्या: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही. दोन तासांचा स्टीरिओ आवाज सुमारे २ जीबी होतो. नंतर फ्लॅकमध्ये बदला, जागा वाचते आणि आवाजातलं काहीच जात नाही. एमपी३ मध्ये साठवू नका. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा स्फोटसुद्धा उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही.

त्याच वेळी चित्रही साठवा, ते कितीही धूसर असो. पुढे आवाज बसवताना कोणतं वाक्य कोणत्या चौकटीवर (फ्रेमवर) होतं हे तेच चित्र सांगणार आहे.

आणि सिनेमा संपला म्हणून थांबवू नका. निळा पडदा येईपर्यंत रेकॉर्डिंग चालू राहू द्या. डबिंगच्या कलाकारांची नावं बहुतेकदा अगदी शेवटच्या, नंतर जोडलेल्या पाटीवर असतात, आणि नव्या डिस्कवर ती पाटी काढून टाकलेली असते. आवाज देणाऱ्या माणसाचं नाव कुठेच उरलेलं नसताना त्या तीन सेकंदांच्या पाटीवर ते सापडलं, तर तो क्षण संपूर्ण कामाची भरपाई करून जातो.

ही कच्ची फाइल कायमची जपा. पुढचं सगळं तिच्या नकलेवर करायचं.

वेग: इथे बहुतेक जण अडकतात

सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. पाल (भारत आणि युरोपातल्या बऱ्याच देशांची जुनी पद्धत) पद्धतीचा टेलिव्हिजन मात्र सेकंदाला २५ चौकटी दाखवतो. त्यामुळे पाल कॅसेटवर सिनेमा सरळ जरा जोरात पळवला जातो: साधारण ४ टक्के जास्त वेगाने. दोन तासांचा सिनेमा ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो, आणि सगळ्यांचे आवाज पाऊण अर्ध-सुरापेक्षा थोडे कमी, म्हणजे सुमारे ०.७ अर्ध-सुर वर चढतात. एनटीएससी (अमेरिका आणि जपानची पद्धत) कॅसेटवर काही चौकटी जरा जास्त वेळ दाखवून हिशेब जुळवतात, म्हणून तिथे वेग जवळजवळ मूळचाच राहतो.

डिस्कची फाइल मीडियाइन्फोमध्ये पाहा. बहुतेक ब्लू-रे २३.९७६ दाखवतील, थोड्या २४.०००. पाल कॅसेटचा आवाज २३.९७६ च्या चित्रावर बसवायचा असेल तर वेगाचा गुणक ०.९५९०४, आणि २४.००० वर बसवायचा असेल तर ०.९६. ऑडेसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये ‘चेंज स्पीड अँड पिच’ हा पर्याय घ्या आणि तिथे गुणक घाला. याने वेग आणि सूर दोन्ही एकदम खाली येतात, म्हणजे कॅसेटने जे बिघडवलं ते उलटं फिरतं.

पण लगेच खूश होऊ नका, नीट ऐका. डबिंग दोन प्रकारे झालेलं असू शकतं. कलाकार २४ चौकटींच्या फिल्मकडे बघून बोलले असतील, तर वरच्या उपायाने आवाज आणि संगीत दोन्ही आपापल्या जागी येतात. पण डबिंग टेलिव्हिजनसाठी झालं असेल, तर कलाकार आधीच पळवलेल्या २५ चौकटींच्या व्हिडिओसमोर बसून स्वतःच्या नैसर्गिक आवाजात बोलले. त्या मिश्रणात संगीत वर चढलेलं असतं आणि माणसं मात्र बरोबर सुरात असतात. ते सगळं ४ टक्क्यांनी खाली आणलं की संगीत जुळतं, पण माणसं जड, झोपाळू वाटू लागतात.

हे ओळखायचं कसं? एखाद्या गाण्याचा किंवा वाद्याचा लांब सूर डिस्कच्या मूळ ट्रॅकशी शेजारी शेजारी लावून बघा, आणि मग त्याच कलाकाराचं दुसरं काम, एनटीएससी कॅसेटवरचं किंवा मुलाखतीतलं, ऐका. संगीत जुळलं आणि आवाज खोल गेला असेल, तर तुम्हाला निवड करावी लागेल. माझी निवड ठरलेली आहे: माणसांचा सूर वाचवायचा. अशा वेळी सूर तसाच ठेवून फक्त वेग कमी करणारं ‘चेंज टेम्पो’ वापरतो. संगीत किंचित उंच राहतं, पण ज्या आवाजासाठी हा खटाटोप मांडला तो आवाज खरा राहतो. ज्यांचा कान संगीताला जास्त जागा आहे ते उलटं करतील, आणि त्यांचंही चुकत नाही.

बसवणं

आता डिस्कचा मूळ ट्रॅक आणि आपला बदललेला ट्रॅक ऑडेसिटीत एकाखाली एक ठेवा. डबिंगसाठी परदेशी स्टुडिओला संवादाशिवायचं संगीत आणि आवाज यांचं मिश्रण दिलं जातं. म्हणून दार आपटणं, बंदुकीची गोळी, काच फुटणं हे दोन्ही ट्रॅकवर एकच असतं आणि लहरींत टोकदार सुळक्यासारखं दिसतं. जुळवायचं ते अशा सुळक्यांवर. संवादावर जुळवू नका. कलाकार ओठांच्या अलीकडे-पलीकडे बोललेला असू शकतो. काही जुन्या डबिंगमध्ये पावलांचे आवाजसुद्धा नव्याने केलेले असतात, तिथे मात्र कॅसेटच्या चित्रातला प्रसंगबदल बघूनच जुळवावं लागतं.

सुरुवातीचा एक सुळका जुळवा. मग मधला आणि शेवटचा सुळका मोजा. फरक कसा वागतो ते बघितलं की दुखणं कळतं.

फरक सगळीकडे शून्य असेल तर उत्तम. फरक हळूहळू, एकसारखा वाढत असेल तर वेगाचा गुणक चुकलाय. उदाहरणार्थ १० व्या मिनिटाला बरोबर आणि ६० व्या मिनिटाला ३ सेकंद घसरलेलं: ५० मिनिटांत ३ सेकंद म्हणजे हजारात एक, म्हणजे २४ आणि २३.९७६ ची गल्लत. गुणक बदला, पुन्हा पहिल्यापासून. फरक बराच वेळ स्थिर राहून एकदम उडी मारत असेल तर तिथे कात्री चालली आहे.

कात्रीचा अंदाज आधीच काढता येतो. माझ्याकडच्या एका पाल कॅसेटवर पहिल्या दृश्यापासून शेवटच्या चौकटीपर्यंत ९८ मिनिटं भरली. २३.९७६ च्या वेगात ती १०२ मिनिटं ११ सेकंद होतात. डिस्कवर तेवढाच भाग १०३ मिनिटं ४७ सेकंदांचा होता. म्हणजे ९६ सेकंद कुठेतरी कापलेले. शोधल्यावर तीन ठिकाणं निघाली: एक मारामारी, एक चुंबन, आणि एक अगदी निरुपद्रवी रस्त्यावरचं दृश्य, जे का कापलं याचा मला आजवर उलगडा झालेला नाही.

ज्या प्रसंगाचं डबिंगच नाही तिथे आवाज ताणून भोक बुजवू नका. तिथे मूळ भाषेचा आवाज घाला आणि त्या तेवढ्या वाक्यांना सबटायटल द्या. जोड वाक्याच्या मध्ये कधीच नको. दोन वाक्यांमधल्या शांततेत, खोलीचा किंवा वाऱ्याचा जो बारीक आवाज असतो त्यावर, अर्ध्या सेकंदाचा मऊ जोड द्या. पातळी आधी सारखी करा, नाहीतर जोड कानाला टोचतो.

मोठ्या कात्रीशिवाय बारीक उड्याही सापडतील, दर १८-२० मिनिटांनी चार-दोन चौकटींच्या. ते फिल्मचं रीळ बदलण्याचं ठिकाण. डबिंग पडद्यावर चाललेल्या प्रिंटवरून आलं असेल तर तिथे टोकं झिजलेली असतात. प्रत्येक रिळाचा तुकडा वेगळा करून वेगळा जुळवला की हे सुटतं. माझ्या अनुभवात कामाचा निम्मा वेळ इथेच जातो.

किती अचूक बसवायचं? आवाज चित्राच्या आधी आला तर सुमारे ४५ मिलिसेकंदांपासून खटकतं, मागे राहिला तर १२५ पर्यंत चालून जातं. एक चौकट जवळपास ४२ मिलिसेकंदांची असते. म्हणून शंका असेल तेव्हा आवाज किंचित मागे ठेवा, पुढे नको.

साफसफाई, हात आखडता घेऊन

खरखर काढायचा मोह फार होतो. ऑडेसिटीच्या नॉइज रिडक्शनला ६ डेसिबलपेक्षा जास्त देऊ नका. त्यापुढे आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो आणि वाक्याआधी कलाकाराने घेतलेला श्वास पुसला जातो, जो त्याच्या अभिनयाचाच भाग आहे. स्पेक्ट्रमवर, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्यांच्या चित्रावर, १५,६२५ हर्ट्झला (पाल) किंवा १५,७३४ हर्ट्झला (एनटीएससी) एक बारीक सरळ रेघ दिसली तर ती टेलिव्हिजनची शीळ आहे, तेवढी खुशाल कापा. विजेची गुणगुण ५० किंवा ६० हर्ट्झला असते, तीही. बाकी वरचे सूर कमी वाटले म्हणून उगाच चढवू नका. जुन्या मोनो सिनेमांचा आवाज मुळातच वरच्या बाजूला उतरता केलेला असायचा.

आवाज साध्या पट्टीवरून घेतला असेल आणि मोनो असेल तर डाव्या-उजव्यातली जी बाजू स्वच्छ ती एकच ठेवा.

फाइलमध्ये घालणं

एमकेव्हीटूलनिक्स या चित्र आणि आवाज एका फाइलमध्ये बांधणाऱ्या प्रोग्राममध्ये डिस्कची फाइल उघडा, तयार फ्लॅक तिच्यात टाका, भाषा निवडा आणि ट्रॅकच्या नावात स्पष्ट लिहा: कोणतं डबिंग, कोणत्या माध्यमावरून, मोनो की स्टीरिओ. चित्राला हात लागत नाही, त्यामुळे ते पुन्हा कॉम्प्रेसही होत नाही. मूळ भाषेचा ट्रॅक काढू नका.

सोबत एक साधी मजकुराची फाइल ठेवा. कॅसेटच्या वेष्टनावरचं साल, कॅसेट पाल की एनटीएससी, कोणता गुणक लावला, कुठे काय कापलेलं होतं आणि कुठे मूळ आवाज घातला, शेवटच्या पाटीवरची नावं जशी लिहिली होती तशी. कच्ची फाइल, तयार फाइल आणि ही टिपणं यांच्या निदान दोन प्रती करा, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. कॅसेट फेकू नका. ती उभी, कोरड्या जागी, स्पीकरसारख्या चुंबकांपासून लांब ठेवा.

मग एकदा सिनेमा सलग बघा, हातात कागद घेऊन. खटकलं की थांबवू नका, फक्त वेळ लिहा. थांबवत पाहिलं तर कान प्रत्येक ठिकाणी चूकच शोधतो. मी हे नेहमी रात्री, एखाद्या अशा माणसाला शेजारी बसवून करतो ज्याला यातलं काही सांगितलेलं नाही. त्याने सिनेमा संपेपर्यंत आवाजाबद्दल एक शब्दही काढला नाही, तर कागदावरच्या माझ्या निम्म्या नोंदी मी खोडून टाकतो.